फ्यूज उडला असन!

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत मोटारसायकल बंद पडली, तर मालकाला एकटेपणा सोसावा लागत नाही. गाडी अजून स्टँडवर लागलेली नसते, तोवर पानठेल्यावरचे दोघे, सोसायटीच्या पायरीवर बसलेले एक काका, दुधाचे डबे अडकवून निघालेला एक पोरगा आणि कुणाचाच नसलेला एक माणूस भोवती जमतात. यातल्या एकाच्याही हातात पाना नसतो. मत मात्र प्रत्येकाकडे असतं, आणि ते गाडी बघण्याआधीचं असतं.

"का झाला गा?" पहिला विचारतो. उत्तराची वाट तो बघत नाही. "फ्यूज उडला असन," हे त्याचं त्यालाच सापडलेलं असतं.

दुसऱ्याला लगेच कॉइलचा संशय येतो. दूधवाल्या पोराला प्लग वाटतो. काकांच्या मनात अजून राजदूतच फिरत असल्याने ते म्हणतात, "पॉइंट घास, पॉइंट." आता या गाडीत पॉइंट नावाचा भागच नसतो, पण वयाचा मान राखून कुणी तसं म्हणत नाही. कुणाचाच नसलेला माणूस सगळ्यात शेवटी बोलतो. "मी तं म्हनलो होतो, हे गाडी घेऊ नोको." मालकाने गाडी घेतली तेव्हा हा माणूस गावात होता की नाही, याचीच खात्री नसते.

तपासाचा क्रमही ठरलेला आहे. आधी गाडी डावी-उजवी हलवून टाकीला कान लावायचा. आत खळखळ झाली तर पेट्रोल आहे. नाही झाली, तर "तळाला असन" असं म्हणून पुढे जायचं. मग टाकीचं झाकण उघडून आत जोरात फुंकायचं. या फुंकरीने नेमकं काय होतं हे कुणी सांगू शकत नाही, पण ती मारल्याशिवाय पुढची पायरी घेत नाहीत. मग चोक ओढायचा, चोक सोडायचा, प्लगची टोपी काढून परत बसवायची. त्यानंतर किक. मालकाने मारलेल्या किका धरल्या जात नाहीत. जमलेल्यांतला सर्वांत धिप्पाड गडी पुढे येतो, "सरका" म्हणतो, लुंगी वर खोचतो आणि किकवर असा उभा राहतो की गाडीपेक्षा गाडीमालकच जास्त कळवळतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर धक्का. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी शाळेच्या फाटकापर्यंत ढकलत न्यायची, तिथून वळवून परत आणायची. सगळे घामाघूम. मालक चपलेचा तुटलेला अंगठा शोधतोय.

अशा वेळी चौथीतलं एखादं पोर सायकलवरून उतरतं, उजव्या हाताच्या मुठीजवळ बोट दाखवतं आणि विचारतं, "हे लाल बटन कोनं दाबला?"

इंजिन बंद करायचं बटण. कुणाचा तरी कोपर लागून ते केव्हाच दाबलं गेलेलं असतं. पोर ते उलटं करतं आणि गाडी अर्ध्या किकेत चालू होते. क्षणभर शांतता. मग काका समाधानाने पायरीकडे परत जात म्हणतात, "म्हनजे वायरिंगचाच प्रॉब्लेम होता."

गाडीच्या विजेबद्दल दिघोरीत एवढा आत्मविश्वास कुठून आला, याचा माग काढत गेलं तर दोष एका चांगल्या गाडीकडे जातो. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि 1994 साली स्प्लेंडर. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची सीडी 100 ची जाहिरात तेव्हा फार गाजली. पूर्व विदर्भाने ती जरा जास्तच मनावर घेतली. टाकीबरोबर ऑइल विसरलं, चेन विसरली, बॅटरीतलं पाणी विसरलं आणि गाडीत फ्यूज नावाची वस्तू असते हेही विसरलं. एवढं विसरूनही गाडी चालत राहिली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

कारण या गाड्यांची रचनाच दिलदार होती. इंजिनाच्या डाव्या अंगाला चुंबकाचं चाक फिरतं, त्याच्या आत तारेची वेटोळी असतात. त्यातलं एक वेटोळं फक्त ठिणगीसाठी वीज बनवतं. ती सीडीआय नावाच्या काळ्या डबीत जाते, तिथून कॉइलमध्ये आणि कॉइलमधून प्लगला. या सगळ्या प्रवासात बॅटरी कुठेच भेटत नाही. दुसऱ्या वेटोळ्यावर हेडलाइट चालतो आणि बॅटरी चार्ज होते. फ्यूज बसवलेला असतो तो बॅटरीच्या वाटेवर. त्यामुळे तो उडाला तर हॉर्न जातो, इंडिकेटर जातात, ब्रेकचा दिवा जातो, न्यूट्रलचा हिरवा ठिपका जातो. गाडी मात्र किकवर चालू होते आणि साकोलीला जाऊन परतही येते. आता ब्रेकचा दिवा आपल्या पाठीमागे असतो, तो आपल्याला दिसत नाही. इंडिकेटरऐवजी पाय बाहेर काढता येतो. हॉर्नऐवजी देवाने तोंड दिलंय. मग फ्यूजवाचून अडलं कुणाचं?

म्हणून चौकात बंद पडलेल्या जुन्या स्प्लेंडरकडे बघून "फ्यूज उडला असन" म्हणणारा माणूस हमखास चुकलेला असतो. फ्यूज उडून ती गाडी बंद पडतच नाही. तिचा फ्यूज तीन वर्षांपूर्वीच उडालेला असतो.

हेडलाइटचं तेवढं दुखणं होतं. तो थेट वेटोळ्यावर चालायचा, म्हणजे इंजिन जोरात तर उजेड जोरात आणि इंजिन मंद तर उजेड मंद. झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या येतात. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खलनायकाचा पुरता बंदोबस्त होईपर्यंत कोंबडा आरवायला आलेला असतो. थंडीत कुडकुडत, एका गाडीवर तिघं, कानाला मफलर बांधून माणसं घराकडे निघतात. धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना धुकं आणि रस्त्यात खड्डे. खड्डा आला की माणूस रेस सोडतो, रेस सोडली की उजेड मिटमिटतो; म्हणजे नेमका खड्डा बघायच्या क्षणीच दिवा डोळे मिटायचा. मुरलेली माणसं त्यामुळे खड्ड्यापाशी क्लच दाबून गाडी भन्नाट रेस करायची. मधल्याला वाटायचं गाडी बिघडली, मागच्याला वाटायचं हा नाटकातल्या खलनायकावर अजून चिडलेला आहे.

1 एप्रिल 2017 पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागतो आणि बंद करायचं बटणच काढून टाकलंय. सुरक्षेसाठी केलेला हा नियम आहे. तरी आजही भरदुपारी लाखांदूर रोडने निघालं, की समोरून येणारा प्रत्येक सज्जन हाताची मूठ उघडझाप करून "लाइट चालू हाये" असं कळवतोच. पहिली दोन वर्षं मालक मान हलवून आभार मानायचा. आता तोही उलट मूठ उघडझाप करतो, कारण समोरच्याचाही चालूच असतो.

तर फ्यूज. एडिसनने 1890 साली आपल्या वीजवितरणाच्या व्यवस्थेसाठी फ्यूजचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. सगळ्या जोडणीत एक जागा मुद्दाम अशक्त ठेवायची आणि संकट आलं की बाकीच्यांना वाचवून तिने आधी मरायचं. ही कल्पना आपल्या संस्कृतीला पटणारी नाही. आपल्याकडे घरातलं सर्वांत अशक्त माणूस आधी जाऊ नये म्हणून सगळे धडपडतात, त्याला काजू-बदाम खाऊ घालतात. फ्यूजच्या बाबतीतही आपण तेच करतो. एकदा उडाला ना, मग पुढच्या वेळी जरा धट्टाकट्टा बसवायचा.

जुन्या गाड्यांत काचेच्या नळीतला फ्यूज असे. आताचा प्लास्टिकचा, दोन पात्यांचा. हा नमुना अमेरिकेत 1976 साली आला आणि त्याने निरक्षर माणसाचीही सोय केली, कारण त्याचे रंग ठरलेले आहेत. 7.5 अँपिअरचा तपकिरी, 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. रंग बघायचा आणि तोच रंग परत लावायचा. यात बुद्धी चालवायला काही जागा उरत नाही, हीच आमची अडचण झाली. शिवाय फ्यूज उडतो तेव्हा बाजूला पानठेला असतो, स्पेअर पार्टचं दुकान नसतं. त्यामुळे लाल, निळा, पिवळा हे तिन्ही रंग बाद होऊन सर्वानुमते चंदेरी रंग ठरतो. सिगारेटच्या पाकिटातला कागद, चॉकलेटचा कागद, काहीही. खर्ऱ्याची पन्नी तेवढी या कामी येत नाही, ती प्लास्टिकची असते. नाहीतर भंडारा, गोंदिया, गडचिरोली या तीन जिल्ह्यांत मिळून एकही गाडी कधी बंद पडली नसती.

कागदापेक्षा जाणकार माणूस तारेकडे वळतो. कोणती तार किती अँपिअरला वितळते, याचा हिशेब विल्यम प्रीस नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलाय. त्या हिशेबाने 0.2 मिलिमीटर जाडीची तांब्याची एक तार साधारण 7 अँपिअरला वितळते. म्हणजे वायर सोलून त्यातली एकच केसासारखी तार लावली, तर अडल्या वेळी घर गाठण्यापुरतं फ्यूजचं काम ती निभावेल. पण एका तारेवर समाधान मानणारा माणूस दिघोरीत अजून जन्मायचा आहे. तो तीन-चार तारांना पीळ देतो, वरून पक्कडीने दाबतो आणि म्हणतो, "आता उडत नाही." त्याचं बोलणं अक्षरशः खरं ठरतं. फ्यूज उडत नाही. वायरिंग उडतं. चहाच्या किमतीतली वस्तू वाचवून हजारांतली वस्तू जाळायची, आणि ते वायरिंग जातं कुठून, तर पेट्रोलच्या टाकीच्या बरोबर खालून. हे समजावून सांगितलं की उत्तर मिळतं, "डीपीवर नाही का आपन जाड तार टाकत?" टाकतात खरे. रोवणीच्या दिवसांत मोटारपंपाच्या घाईत डीपीतलं फ्यूजचं किटकॅट हातात धरून आमच्याकडे जे प्रयोग चालतात, ते बघून एडिसन हात जोडून परत अमेरिकेला गेला असता.

बरं, फ्यूज उडतो तो उगाच नाही. गेल्या काही वर्षांत गावातल्या तरुणाची गाडी म्हणजे वाहन कमी आणि वरात जास्त झाली आहे. पुढे दोन एलईडी फोकस, मागे रंग बदलणारी पट्टी, चाकात निळे दिवे, हँडलला मोबाइल चार्जर आणि म्हशीलाही बाजूला व्हावंसं वाटेल असा हॉर्न. हे सगळं जोडलेलं कुठे, तर गाडीच्या मूळ हॉर्नच्या वायरला, दातांनी सोलून आणि प्लास्टिकची पन्नी गुंडाळून. गणित तिसरीतलं आहे. वॅटला 12 ने भागलं की अँपिअर येतात. नुसते 60 वॅटचे जादा दिवे लावले तर 5 अँपिअर झाले. जुन्या किकवाल्या गाडीत बॅटरी असते अडीच अँपिअर-तासांची. म्हणजे गाडी बंद ठेवून मित्रांना दिवे दाखवत बसलं, तर अर्ध्या तासात बॅटरीचं कल्याण. त्यात हॉर्नचे अँपिअर वेगळे. 10 चा फ्यूज मग दुसरं काय करणार, बिचारा मान टाकतो. जादा हॉर्नसाठी वेगळा रिले आणि त्याचा वेगळा फ्यूज बसवावा लागतो. पण रिले चमकत नाही, गात नाही आणि रीलमध्ये दिसत नाही. तेव्हा तो कोण बसवतो?

उरलेलं काम उंदीर आणि पाऊस करतात. गाडी रात्री सपरीत, शेजारी तणसाचा ढीग, म्हणजे उंदराचं घर आणि जेवणाची खोली लागूनच. सीटखालची मऊ वायर त्याला का आवडते ते तोच जाणे, पण कातरतो मात्र नेमकी अशी वायर की जिचा रंग दुसऱ्या कुठल्याच वायरशी जुळत नाही. पावसाळ्यात चिखलणीच्या बांधीतून आलेली गाडी बोअरच्या पाइपाने धुतात, पाणी कपलरमध्ये शिरतं, आतल्या पितळेवर हिरवा थर चढतो. मग गाडीच्या अंगात येतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो. ही अर्थिंग सुटल्याची खूण. एका बाजूचा इंडिकेटर एकदम घाईघाईने फडफडतो. त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. बल्ब महिन्याला उडतात; तिथे रेग्युलेटर गेला असं समजावं, कारण चालू गाडीत बॅटरीवर 14 ते साडेचौदा व्होल्टच्या वर जायला नको असतात. आणि सगळ्यात लोकप्रिय आजार म्हणजे हँडल डावीकडे वळवलं की आपोआप वाजणारा हॉर्न. या गाडीच्या मालकाला मी म्हटलं, अरे, दाखवून घे. तो म्हणाला, "काहून? वळताना हॉर्न द्यावाच लागते ना."

वारंवार फ्यूज उडणारी एक गाडी दुरुस्त होताना मी शेजारी उभं राहून पाहिली आहे. मिस्त्री वयाने तिशीतला, बोलायला महाग. त्याच्या टपरीत एका खिळ्याला लोकांच्या गाड्यांतून काढलेल्या फ्यूजांची माळ टांगलेली आहे. त्यात चंदेरी कागद तर आहेतच, शिवाय सेफ्टी पिन आहे, केसांची पिन आहे, स्टेपलरच्या पिनांचा जुडगा आहे आणि सायकलच्या स्पोकचा एक बेताने कापलेला तुकडा आहे. त्या स्पोकच्या मालकाबद्दल विचारलं तर तो फक्त हसतो. आलेल्या गाडीत त्याला पीळ दिलेली तार सापडली. ती त्याने पक्कडीने काढली, माळेत अडकवली आणि फ्यूजच्या जागी फ्यूज न लावता एक बल्ब लावला.

बल्ब म्हणजे मागच्या ब्रेकलाइटचा, 21 वॅटचा, दोन वायरी आणि दोन चिमटे जोडलेला. एकेक चिमटा फ्यूजच्या एकेका टोकाला. चाबी फिरवली तर बल्ब मंद, न्यूट्रलच्या दिव्यापुरता. मिस्त्रीने हँडल हळूच डावीकडे वळवलं आणि बल्ब लख्ख पेटला. उजवीकडे, मंद. डावीकडे, लख्ख. युक्ती मोठी नामी आहे. वायर बॉडीला टेकली की सगळा करंट त्या बल्बातून जातो, पण बल्ब त्याला दोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे काही जळत नाही, आणि शॉर्ट कुठे आहे हे मात्र उजेडात कळतं. एरवी हाच शोध घ्यायला फ्यूजमागून फ्यूज उडवावा लागतो. त्याने हेडलाइटमागचा हॉर्नचा कपलर सोडवला, हँडल परत डावीकडे घेतलं, बल्ब मंदच राहिला. मग टाकी उतरवली. हँडलच्या मानेपाशी, जिथे सगळ्या वायरींचा गठ्ठा फ्रेमला घासून वळतो, तिथे चिखलाचा थर होता. तो त्याने नखाने खरवडला. खाली हॉर्नच्या वायरचं आवरण बोटभर सोललेलं आणि तांबं चकाकत होतं. म्युझिकल हॉर्नची जादा वायर त्याच फटीतून कोंबली होती, तिने जागा खाल्ली आणि मूळची वायर लोखंडावर रगडली गेली.

तुकडा कापला, नवा जोडला, डाग दिला, वर नळी चढवली, गठ्ठा थोडा सैल बांधला, लाल फ्यूज लावला. मालकाचा चेहरा उतरला. घरून निघताना त्याने पूर्ण वायरिंग बदलायची तयारी ठेवली होती, साळ्याकडून उसने पैसेही आणले होते. एवढ्यात काम होतं म्हणजे आपला आजार किरकोळ होता, हे त्याला सहन होईना. "एवढाच होता?" त्याने विचारलं आणि त्या एवढ्याशा मजुरीतही वीस रुपये कमी केले. सोबत आलेला मित्र तेवढ्यात म्हणाला, "मी तं पयलेच म्हनलो होतो, फ्यूज."

फ्यूजचा काही दोष नव्हता, हे त्याला कोण सांगणार? उडालेला फ्यूज ही तक्रार असते. कागद लावून आपण तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करतो आणि चोर तसाच फ्रेमला घासत बसतो.

आता मात्र जुना दिलदारपणा संपला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल आता पंपाने दाबून फवारलं जातं आणि किती फवारायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. पंपाला वीज हवी, संगणकाला वीज हवी आणि ती बॅटरीच्या वाटेनेच येते. काही गाड्यांची तर किकच काढून टाकली. मुख्य फ्यूज उडाला की अशी गाडी जागच्या जागी दगड होते. तीस-पस्तीस वर्षं "फ्यूज उडला असन" म्हणत आलेला माणूस आता कुठे बरोबर ठरायची वेळ आली. आणि नेमक्या याच वेळी दिघोरीच्या चौकाने मत बदललं. नवी गाडी बंद पडली की पानठेल्यावरचे दोघे, दूधवाला पोरगा आणि पायरीवरचे काका एका सुरात म्हणतात, "सेन्सर गेला असन." फ्यूजची डबी कुणी उघडून बघत नाही. कुणाचाच नसलेला माणूस तेवढा आपल्या जुन्या मतावर कायम आहे.

नव्या गाडीचे नवे डॉक्टरही निघाले आहेत. बॅटरी उतरली की ट्रॅक्टर आणायचा, कारण त्याचीही बॅटरी 12 व्होल्टची. हे बरोबर आहे. पण वायर लावताना प्लस-मायनसवर मतदान घेतात, हे बरोबर नाही. उलटी लागली तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर रेग्युलेटरपासून पुढे सगळंच जातं. दुसरे डॉक्टर वेल्डिंगवाले. दुधाच्या डब्यांसाठी मागे स्टँड लावायचा म्हणून चालत्या-बोलत्या गाडीवर वेल्डिंग मारतात. बॅटरीच्या वायरी आधी सोडवल्या नाहीत तर संगणक त्या एका ठिणगीत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला फुंकर मारून शुद्धीवर आणता येत नाही. टाकीत फुंकून पाहिलं होतं, हेही सांगून ठेवतो.

सुटा भाग मागवायचा तर आणखी एक गंमत. आमची दिघोरी कागदोपत्री दिघोरी (मोठी) आहे. पण नागपुरातही उमरेड रोडवर एक दिघोरी आहे, तिथे चौक आहे, उड्डाणपूल आहे. त्यामुळे मोबाइलवरून मागवलेला रिले आधी तिकडे जाऊन येतो. तिथून फोन येतो, "दादा, पुलाच्या कोणत्या बाजूला राहता?" आमच्याकडे मोठी आहे ती फक्त दिघोरी, पूल नाही, असं सांगितलं की समोरचा फोन ठेवतो. तोवर इकडे पीळ दिलेल्या तारेने गाडीची व्यवस्था लागलेली असते आणि चार दिवसांनी आलेला रिले पोरं खेळायला नेतात.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. मिरगाच्या आधी एकदा गाडीची बाजूची पत्री उघडा आणि फ्यूजची छोटी डबी बघा. बहुतेक गाड्यांत तिथेच कंपनीने एक जादा फ्यूज ठेवलेला असतो. तो आहे का पाहा, नसेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या अँपिअरचे दोन विकत घेऊन ठेवा. डबीत चंदेरी कागद सापडला, तर आधी तो काढा आणि मगच गाडी विकायचा विचार करा. घेणारा बहुतेक तुमचा साडूच असतो, आणि दर दिवाळीला तो घरी येणार आहे.